टाइल कापणाऱ्याच्या छातीत काय जातं?



घराचं काम काढलं की महिनाभर चर्चा चालते ती टाइल्सच्या रंगाची. मॅट घ्यायची की ग्लॉसी, दोन बाय दोन की दोन बाय चार. ती कापणाऱ्या माणसाबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही.

बाल्कनीत उकिडवा बसलेला कारागीर तुम्ही पाहिलाच असेल. हातात चार इंची चक्रीचा कटर, तोंडाला रुमाल. चक्री टेकली की पांढरा लोट उठतो आणि पाच मिनिटांत त्याच्या भुवया-पापण्या पांढऱ्या होतात. दिसणारी धूळ बरीचशी नाकाघशातच अडकते. खरा घात करते ती न दिसणारी. टाइलमध्ये मातीबरोबर फेल्डस्पार आणि क्वार्ट्ज असतं. या क्वार्ट्जचे, म्हणजे स्फटिकरूप सिलिकाचे, अतिसूक्ष्म कण थेट वायुकोशांत उतरतात. तिथल्या संरक्षक पेशी ते गिळतात आणि मरतात. कण तसाच उरतो, पुढची पेशी तोच गिळते. अशा प्रत्येक फेरीत फुप्फुसात व्रण वाढत जातो. हाच सिलिकोसिस. काम सोडल्यावरही तो वाढू शकतो आणि तो बरा करणारं औषध नाही. हीच धूळ कर्करोगकारक असल्याचं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ सालीच नोंदवलं आहे.

गुजरातेत गोध्र्याकडच्या क्वार्ट्ज दळणाऱ्या कारखान्यांत झाबुआ-अलिराजपूरचे आदिवासी मजूर गेले आणि छाती गमावून परतले. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने २३८ मृतांच्या वारसांना प्रत्येकी तीन लाख रुपये देण्याचा आदेश दिला. तिथे निदान कारखाना तरी होता, बोट दाखवायला मालक होता. आपल्या घरात काम करणाऱ्या कारागिराचा मालक कोण? माझ्या मते, त्या चार दिवसांपुरते आपणच.

स्वयंपाकाच्या ओट्यासाठी जो कृत्रिम क्वार्ट्जचा दगड सध्या लोकप्रिय आहे, त्यात सिलिका नव्वद टक्क्यांच्या वर असू शकते. तो कापणारे तरुण कारागीर आजारी पडू लागले म्हणून ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदीच घातली.

बसवलेल्या, धड टाइलपासून घरच्यांना काही धोका नाही. धोका कापताना, घासताना, जुनी फरशी फोडताना. सरळ काप असेल तर हाताने रेघ मारून टाइल तोडणारं साधं यंत्र वापरावं. त्यात धूळ जवळजवळ उडतच नाही. बाकी कापांसाठी पाण्याची सोय असलेलाच कटर हवा. साध्या ग्राइंडरवर बाटलीने पाणी ओतण्याचा प्रकार सर्रास चालतो, तो शॉक लागून जीव घेऊ शकतो. ओला गाळ सुकण्याआधी पुसून घ्यावा, नाहीतर वाळला की पुन्हा धूळच. कोरडा झाडू मारू नये. रुमालाने सूक्ष्म कण अडत नाहीत. एन-९५ मास्क हवा, आणि तोही चेहऱ्याला घट्ट बसणारा. दाट दाढीवर तो बसत नाही. हा सगळा खर्च दर ठरवतानाच धरा. नंतर कारागिराच्या मजुरीतून तो कापू नका.

आणि सभागृहात डॉक्टर असतील तर त्यांना एक विनंती. सिलिकोसिसची एक्स-रेवरची सावली क्षयासारखी दिसू शकते. शिवाय अशा रुग्णाला क्षय होण्याचा धोकाही वाढलेला असतो, त्यामुळे एकाच्या औषधात दुसरा लपून राहतो. केसपेपरवर ‘मजुरी’ एवढंच लिहून भागणार नाही. टाइल कापतो की दगड, कोरडा कापतो की पाणी लावून, किती वर्षं, एवढं विचारून लिहून घ्या.