संकेतस्थळाचा सातबारा कोणाच्या नावे?

(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पुरुषोत्तमनगर येथे केलेले भाषण)



दरवर्षी ह्या व्यासपीठावरून कार्याचा गौरव होतो. आज मात्र कार्यकारिणीच्या वतीने आम्हांस एक चूक कबूल करावयाची आहे. वधूवर-सूचीसाठी मंडळाने मोठ्या हौसेने एक संकेतस्थळ करून घेतले होते. एके दिवशी ते उघडेनासे झाले. चौकशीअंती कळले की संकेतस्थळाचे नाव, ज्यास डोमेन म्हणतात, ते मंडळाच्या नावे कधी नोंदलेच नव्हते. ते करून देणाऱ्या गृहस्थांच्या नावे होते आणि मुदत सरल्यावर त्यांनी ते पुढे चालविले नाही. पैसा मंडळाचा, माहिती आपल्या मुलामुलींची, आणि मालकी तिसऱ्याचीच! ते गृहस्थ परके नव्हते, आपल्याच ज्ञातीतले होते. म्हणूनच आम्ही कागद केला नाही. त्यांचा दोष उगाळण्यात अर्थ नाही. आम्ही विचारले नाही, हा दोष आमचा.

आज आपल्यापैकी कोणी शेतमालासाठी, कोणी दुकानासाठी, कोणी शाळेसाठी संकेतस्थळ करून घेत आहेत. आमची ठेच आपणांस शहाणपण देवो, एवढ्याच हेतूने धोक्याच्या काही खुणा सांगतो.

पहिली खूण नावाची. शेत घेताना सातबारा पाहिल्यावाचून आपण इसाराचा रुपया देत नाही. डोमेन हा संकेतस्थळाचा सातबाराच होय. ते ठराविक वर्षांसाठी नोंदले जाते व मुदतीपूर्वी शुल्क भरून पुढे चालवावे लागते. ‘नावाची काळजी नको, ते आमच्याकडेच राहील,’ असे कोणी म्हणाला, तर तेथेच थांबावे. नोंदणी आपल्या नावे व आपल्या ई-मेल पत्त्यावर करवून घ्यावी. संस्थेचे काम असेल तर तो पत्ता संस्थेचाच असावा. चिटणीस बदलतात, संस्था राहते. ह्या बाबतीत थोरही चुकतात. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्टसारखी बलाढ्य कंपनी ‘पासपोर्ट डॉट कॉम’ ह्या नावाचे शुल्क भरण्यास विसरली आणि अनेकांना हॉटमेलवरील आपली पत्रे उघडता येईनात. अमेरिकेतील एका प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा निभावले. आपल्यासाठी असा कोण धावून येणार?

दुसरी खूण उचलीची. आपण साखर कारखान्याच्या परिसरात राहणारी माणसे. उचल घेऊन टोळीच न आणणारा मुकादम कसा असतो, हे आपणांस सांगणे नलगे. सर्व रक्कम आगाऊ मागणारा कारागीर त्याच वाटेचा असू शकतो. काही रक्कम आरंभी, काही नमुना पाहिल्यावर, आणि उरलेली सर्व किल्ल्या हाती आल्यावर द्यावी. त्याचबरोबर, फारच थोडक्या दामात सर्व काही करून देतो म्हणणाराही तपासून घ्यावा. पुढे प्रत्येक लहान दुरुस्तीसाठी तो किती आकारणार, हे आधीच विचारावे.

तिसरी खूण कागदाची. आपण पैसे दिले म्हणजे काम आपले झाले, असा आपला समज असतो. कायदा तसे म्हणत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये स्वतंत्रपणे काम करणाऱ्याने लिहिलेल्या संगणक-प्रणालीचा पहिला मालक सामान्यतः तोच असतो. हक्क आपल्याकडे यावयाचा तर सहीनिशी लेखी हस्तांतर हवे. त्यात मुदत लिहिली नाही तर ती पाच वर्षांची, आणि प्रदेश लिहिला नाही तर तो भारतापुरताच धरला जातो. ‘आपसांत कागद कशाला?’ हे वाक्य कानी पडताच आपण सावध व्हावे. आपसांतच कागद अधिक हवा. त्याने पैसा वाचतो आणि नातेही वाचते.

चौथी खूण आपल्या भाषेची. पूर्वीची आपली सूची छापखान्यातील जुन्या फाँटमध्ये जुळविलेली होती. असा मजकूर दुसऱ्या संगणकावर उघडला की मराठीऐवजी रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो, आणि शोधूनही सापडत नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा. परीक्षा सोपी आहे: आपल्या भ्रमणध्वनीवर पान उघडावे आणि त्यातील एखादे गाव देवनागरीत लिहून शोधावे. सापडले नाही, तर मजकूर कसा चढविला ते विचारावे. कारागीर ह्या प्रश्नास हसून टाळीत असेल, तर मराठी काम त्याच्या हाती देऊ नये.

पाचवी खूण फुशारकीची. ‘गूगलवर पहिला क्रमांक हमखास’ असे वचन देणाऱ्यापासून दूर राहावे. अशी हमी कोणीही देऊ शकत नाही, असे स्वतः गूगलच सांगते. त्यापेक्षा त्याने दोनतीन वर्षांपूर्वी केलेली कामे पाहावीत, ती आजही चालू आहेत का हे बघावे, आणि त्या मालकांना प्रत्यक्ष दूरध्वनी करावा. नवे काम सर्वांचेच चकचकीत दिसते.

सहावी खूण सर्वांत गंभीर आहे. आपल्या मुलींची छायाचित्रे, जन्मतारखा, घरचे पत्ते व दूरध्वनी कोणाही परक्यास एका क्षणात दिसतील अशी मांडणी जो करतो, त्यास आपल्या अब्रूची किंमत कळलेली नाही. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा संसदेने २०२३ साली संमत केला आहे. त्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. गुणवंत विद्यार्थ्यांची छायाचित्रे प्रसिद्ध करताना आपणही हे स्मरावे. माहिती कोठे राहते, तिची प्रत कोण व किती दिवसांनी काढून ठेवतो, हे विचारता जो चिडतो, त्यास काम देऊ नये.

तथापि सर्वच कारागीर तसे नसतात. आपल्याच मुलांपैकी अनेक जण हे काम सचोटीने करीत आहेत. त्यांचे कष्ट दिसत नाहीत म्हणून त्यांचे बिल महिनोन्‌महिने थकविणे, आणि ठरलेल्या कामात रोज नवी भर घालणे, हाही अन्यायच आहे. कागद दोघांचेही रक्षण करतो.

नव्या संकेतस्थळाचे काम हाती घेण्यापूर्वी कार्यकारिणी आपणांपुढे तीन गोष्टी ठेवीत आहे. डोमेन मंडळाच्या नावे राहील. सर्व किल्ल्या दोन पदाधिकाऱ्यांकडे राहतील व पदे बदलताच त्या लेखी सुपूर्द होतील. आणि दरवर्षी ताळेबंदाबरोबर नूतनीकरणाची तारीख ह्या सभेत मोठ्याने वाचली जाईल. ज्या कुटुंबांची माहिती आमच्या हयगयीमुळे हातची गेली, त्यांची आम्ही मनःपूर्वक क्षमा मागतो. पुढील वर्षी ह्याच व्यासपीठावर कोणीतरी उठून ती तारीख आम्हांस विचारावी, एवढीच विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.