संशोधनाची पेटी कोयलीपर्यंत

वडोद्याजवळचे कोयली म्हटले की सर्वांना रिफायनरी आठवते. 1965 पासून ती इथे चालू आहे. वडोद्याचे संग्रहालय, मध्यवर्ती ग्रंथालय आणि प्राच्यविद्या मंदिरही कोयलीपासून फार लांब नाहीत. पण तिथल्या अभ्यासातले कोयलीच्या घरात किती पोहोचते? संशोधन लोकांपर्यंत नेणे हा संशोधनाचाच भाग आहे, फावल्या वेळेतला उपक्रम नव्हे, असे माझे म्हणणे आहे; आणि त्याला आधार वडोद्याच्याच इतिहासात सापडतो.

बडोदे (आजचे वडोदा) संस्थानच्या सयाजीराव महाराजांनी 1910 मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकी ग्रंथपालाला बोलावून घेतले. त्या काळी उभ्या राहिलेल्या व्यवस्थेत पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या खेड्यापाड्यांत जात. गावाने ग्रंथालयासाठी वर्गणी जमवली की ठरलेल्या मर्यादेत तेवढीच रक्कम सरकार घाली आणि तेवढीच प्रांत पंचायत. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्यांच्यासाठी चित्रे दाखवून ज्ञान देणारी वेगळी शाखा होती. याच व्यवस्थेतल्या मध्यवर्ती ग्रंथालयाच्या संस्कृत विभागाने 1916 मध्ये राजशेखराची ‘काव्यमीमांसा’ छापून गायकवाड प्राच्य ग्रंथमालेचा आरंभ केला. 1927 मध्ये हा विभाग स्वतंत्र संस्था, म्हणजेच प्राच्यविद्या मंदिर, झाला आणि पुढे तिथेच वाल्मीकी रामायणाची चिकित्सक आवृत्ती सिद्ध होऊन 1960 ते 1975 या काळात प्रसिद्ध झाली. 1927 पर्यंत खेड्याला पेटी धाडणारे आणि पोथीतले पाठभेद तपासणारे खाते एकच होते. त्यामुळे ना पेटी थांबली, ना पोथी मागे पडली.

यावर काही अभ्यासक म्हणतात, लोकांसाठी सोपे करायला गेले की विषय उथळ होतो. वडोद्यातल्या अकोट्याच्या जैन कांस्यमूर्तींचे उदाहरण घेऊ. त्या 1951 मध्ये उजेडात आल्या. उमाकांत शाह यांनी त्यांवर 1959 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांतली एक मूर्ती जीवंतस्वामींची आहे. डोक्यावर मुकुट, अंगावर दागिने. तीर्थंकर आणि मुकुट? पाहणाऱ्याच्या मनात हा प्रश्न उभा राहतोच. ही महावीरांची दीक्षा घेण्यापूर्वीची, राजपुत्र असतानाची प्रतिमा आहे, एवढे सांगितले की तो मूर्तीकडे पुन्हा नीट पाहू लागतो. यात उथळ काय झाले? उलट, बघ्याचा अभ्यासक होण्याची सुरुवात इथेच होते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. पोथ्या जीर्ण, मूर्ती अमोल. त्या गावोगाव फिरवता येणार नाहीत. हे अगदी खरे आहे, आणि जतनाशी तडजोड नकोच. पण मूळ वस्तू जागेवर ठेवूनही तिची मोठी छायाचित्रे, प्रतिकृती आणि तिच्याविषयी बोलणारा जाणकार माणूस गावात जाऊ शकतो. मोबाईलवर सारे मिळते, असेही म्हणतात. मिळते, पण काय शोधायचे हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच. ते ठाऊक करून देणे हेच या संस्थांचे काम.

म्हणून प्रत्येक संशोधन प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात छपाईच्या खर्चाइतक्याच हक्काने गावात जाण्याचा खर्चही धरावा. कोयलीसारख्या गावांनीही आपला वाटा उचलावा. शाळेचा एक वर्ग उघडून द्यावा, प्रश्न विचारावेत. बडोदे संस्थानातल्या खेड्यांनी वर्गणी काढून ग्रंथालये उभी केली होती. आजच्या कोयलीला ते जड जाऊ नये.