आजीचा बटवा आणि भिंतीवरचे घड्याळ

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



गेल्या महिन्यात आपल्या मंडळाच्या चिटणीसबाई माझ्या घरी आल्या आणि म्हणाल्या, "लहान मुलांच्या आजारांवर घरगुती औषधे, या विषयावर तुम्ही बोलायचे." मी हो म्हटले खरे, पण त्या गेल्यावर मनात आले, आपण काय बोलणार? मी डॉक्टर नाही, वैद्यही नाही. आरोग्यसेविका म्हणून करवीर आणि पन्हाळा या तालुक्यांतली खेडी पायाखाली घातली, एवढीच माझी पुंजी. परंतु या विषयाशी माझे एक जुने नाते आहे. ते आजवर मी चारचौघींत कधी सांगितले नाही. आज सांगते.

आषाढ आला की पंचगंगेचे नवे पाणी आपण वाजतगाजत त्र्यंबोलीच्या टेकडीवर नेतो. नव्या पाण्याबरोबर रोगराई येते, ही जाण त्या रीतीमागे असावी असे मला नेहमी वाटते. १९५८ सालच्या अशाच एका आषाढात शिवाजी पेठेतल्या आमच्या घरी माझ्या दीड वर्षाच्या भावाला हगवण लागली. मी आठ वर्षांची होते. आजीने बटवा सोडला. जायफळ उगाळले, डाळिंबाची साल उगाळली, मीठ-मोहऱ्यांनी दृष्ट काढली. आणि एक गोष्ट तिने कटाक्षाने केली. बाळाचे पाणी तोडले.

आई दबकत म्हणायची, "आत्याबाई, घोटभर पाणी देऊ का?" आजी म्हणायची, "नगं गं. दिलं की लगीच भायेर पडतंय. पोट रिकामंच ऱ्हाऊ दे." बाळ माठाकडे हात करून रडत होते. दुसऱ्या दिवशी रडताना त्याच्या डोळ्यांत पाणी येईनासे झाले. तिसऱ्या दिवशी पहाटे ते रडायचेच थांबले. आजीला वाटले, उतार पडला. आबांनी टांगा आणला. पण दवाखान्याच्या पायरीपर्यंत काही आम्ही पोहोचलो नाही.

भगिनींनो, घरात तांदूळ होते, मीठ होते, गूळसाखर होती, चुलीवर पाणी उकळत होते. नव्हती ती फक्त माहिती. आजीची माया कमी होती असे मी कधीही म्हणणार नाही. तिने तीन रात्री पाठ टेकली नव्हती.

पुढे १९७१ साली बांगलादेशातले निर्वासित लाखोंनी बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत पटकीची साथ पेटली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात विरघळवून ते पिंपांत भरून ठेवले आणि रोग्यांच्या नातेवाइकांनाच पेल्यापेल्याने पाजायला सांगितले. आधी शंभरांतले तीसच्या आसपास रोगी दगावत होते. ते प्रमाण चारच्याही खाली आले. साखर बरोबर असली की आतडे मीठ आणि पाणी ओढून घेते, जुलाब चालू असतानासुद्धा घेते, हे त्यामागचे कारण. तीच आजची ओआरएसची पुडी. तांदळाची पेज मीठ घालून पाजली तरी तेच साधते, हेही पुढे तपासांत दिसून आले. म्हणजे पेज आपल्याच घरातली. आपण ती बरे झाल्यावर देत होतो, हीच काय ती चूक.

नोकरी लागल्यावर मी ती पुडी घरी नेली आणि आजीला दाखवली. ती फार थकली होती. तिने बोट बुडवून चव घेतली आणि बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हंजे पानी द्यायला पायजे हुतं व्हय गं?"

मी म्हणाले, "आजी, तेव्हा डॉक्टरांनाही ठाऊक नव्हतं." तिला बरे वाटावे म्हणून मी बोलले होते. पुढे समजले, ते फारसे खोटे नव्हते. त्या काळी पुष्कळ डॉक्टरही जुलाबात मुलाचे अन्न तोडायला सांगत. तेव्हा दोष द्यायचा कोणाला? मी एवढेच ठरवले की बटवा फेकून द्यायचा नाही, पण तो सुपात घेऊन पाखडायचा. दाणा ठेवायचा, कोंडा उडाला तर उडू द्यायचा, आणि खडा मात्र वेचून टाकायचा.

आधी दाणा सांगते. जुलाबात अंगावरचे दूध थांबवू नये. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ घालावे. मिठाचा हात सैल सोडू नये. पुडी मिळाली तर उत्तमच. मात्र दुकानातले रंगीत गोड पेय म्हणजे ओआरएस नव्हे, हे ध्यानात ठेवा. दोन वर्षांच्या आतल्या मुलाला प्रत्येक जुलाबानंतर पाव ते अर्धा पेला चमच्याचमच्याने पाजावे. ओकले तर दहा मिनिटे थांबून पुन्हा सुरू करावे. केलेले पाणी चोवीस तासांनी टाकून द्यावे. जोडीला झिंकच्या गोळ्या चौदा दिवस देतात. त्या दवाखान्यातून विचारून घ्याव्यात. खोकल्याला मध चांगला. झोपताना चमचाभर मध दिल्याने मुलाला आराम पडतो असे तपासांतही आढळले आहे. पण तो वर्षाच्या पुढच्या मुलालाच. मोठ्या मुलांना कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, ऊन ऊन वरण, अंगाला ऊब, पुरेशी झोप ही सारी औषधेच आहेत.

आता कोंडा. दृष्ट काढा, ओव्याची कोमट पुरचुंडी छातीला धरा, गोवरात उशाशी कडुलिंबाचा पाला ठेवा. याने जंतू मरत नाहीत, पण मुलाचे वाईटही होत नाही आणि आईच्या जिवाला धीर येतो. साधी सर्दी औषध घेतले तर सात दिवसांत जाते आणि न घेतले तर आठवड्यात, असे आपण हसत म्हणतो. ते खरेच आहे. कान दुखणेही पुष्कळदा दोन-तीन दिवसांत आपोआप थांबते. त्यामुळे त्या दिवसांत जे काही दिले असेल, काढा असो की होमिओपथीच्या साबुदाण्यासारख्या गोळ्या, यश त्याच्या पदरात पडते. कावीळही अशीच. बहुतेक मुले विश्रांतीने बरी होतात आणि नाव होते गळ्यातल्या माळेचे. ती माळ वाळली की देठ आकसून गाठी सैल होतात आणि ती लांबत जाते. आपण म्हणतो, कावीळ उतरली! २०१२ साली आपल्या इचलकरंजीत कावीळीची मोठी साथ आली ती दूषित पाण्याने. तिथे उपाय माळेचा नव्हता, नळाच्या पाण्याचा होता.

आणि आता खडे. हे मी अंमळ कठोरपणे सांगणार आहे, राग मानू नका.

वर्षाच्या आतल्या मुलाला मधाचे बोट चाटवू नका. मधात एका जंतूची बीजे असू शकतात. मोठ्यांना ती बाधत नाहीत, पण तान्ह्याच्या आतड्यात ती रुजली तर त्याचे स्नायू लुळे पडतात. कडुलिंबाचे तेल पोटात देऊ नका. त्याने लहान मुलांना झटके येऊन ती दगावल्याची उदाहरणे वैद्यकीय ग्रंथांत आहेत. कापूर तोंडात जाऊ देऊ नका, तान्ह्याच्या नाकाशीही चोळू नका. कानात लसणीचे तेल घालू नका. पडद्याला भोक असेल तर ते आत जाते. बिब्बा घालू नका, डाग देऊ नका. आपल्याच महाराष्ट्रात मेळघाटात तान्ह्या मुलांच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देतात, त्याला तिथे डंबा म्हणतात. त्या मुलांची छायाचित्रे पाहिली की अन्न गोड लागत नाही. मुंबईत एके काळी गिरणीवर जाणाऱ्या बाया मूल निजून राहावे म्हणून अफूची बाळागोळी देत. जायफळाचे वेढे सहाणेवर वाढवत नेले तर आपणही धाकट्या प्रमाणात तेच करत असतो. गुटीचे म्हणाल तर पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाखेरीज बाळाला काहीच नको, सहाणेवरचे पाणीसुद्धा नको. आणि वर नाव नाही, आत काय आहे याचा पत्ता नाही, अशी भस्मे व चूर्णे कोणीही दिली तरी घेऊ नका. त्यांत शिसे आणि पारा सापडलेला आहे.

पण सूप एकाच बाजूने पाखडू नये. डॉक्टरी औषधांतही खडे असतात. २०२५ साली मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या विषारी औषधाने कितीतरी बालके मूत्रपिंडे निकामी होऊन गेली. त्यांतल्या काहींना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. दोन वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दीखोकल्याची औषधे देऊ नयेत, असे त्यानंतर सरकारनेही सांगितले. शेजारणीच्या मुलाचे उरलेले प्रतिजैविक आपल्या मुलाला पाजणे हाही खडाच. कांजिण्यांत ॲस्पिरिन देणे हाही खडाच.

आपल्यातल्या पन्नाशीपुढच्या बायांनी आपापले दंड पाहावेत. तिथे देवीचा वण आहे. आमच्या लहानपणी घरात देवी आल्या की औषध देत नसत, कारण ती देवीचीच कृपा. मग घरोघरी टोचणारे आले. १९७५ साली देशातला देवीचा शेवटचा रोगी नोंदला गेला आणि १९७७ साली भारत देवीमुक्त झाला. म्हणून माझ्या नातीच्या दंडावर तो वण नाही. गोवराला मात्र आपण अजून पाला आणि सोवळे यांवरच भागवू पाहतो. २०२२ साली मुंबईत गोवराची साथ आली, मुले दगावली. नवव्या महिन्यानंतर एक आणि सोळाव्या ते चोविसाव्या महिन्यांत दुसरी, अशा दोन लसी मुलाला टोचून घ्या. पाला नंतर ठेवा.

आता शेवटची गोष्ट. ती माझ्या स्वतःच्या फजितीची आहे.

दोन वर्षांपूर्वी माझी दहा महिन्यांची नात खोकत होती. अंग तापले होते. मी, जन्मभर दुसऱ्यांना शहाणपण सांगणारी, सूनबाईला म्हणाले, "ओव्याची पुरचुंडी धर, उद्या बघू." आजी झाले की माणूस आजीसारखेच बोलू लागते! सूनबाई जरा वेळ उभी राहिली आणि म्हणाली, "आई, घड्याळ लावून श्वास मोजूया का?" ही रीत मीच तिला तिच्या बाळंतपणात शिकवली होती. मूल शांत असताना, पोट उघडे ठेवून, पुरे एक मिनिट मोजायचे. आम्ही मोजले. अठ्ठावन्न भरले. बरगड्यांखाली खळगी पडत होती. पुरचुंडी तिथेच ठेवली आणि रिक्षाने थोरल्या दवाखान्यात गेलो. न्युमोनिया निघाला. पाचव्या दिवशी नात हसत घरी आली.

तेव्हा हे आकडे लिहून घ्या. दोन महिन्यांच्या आतले मूल मिनिटाला साठ किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षापर्यंतचे पन्नास किंवा जास्त, एक ते पाच वर्षांचे चाळीस किंवा जास्त श्वास घेत असेल तर काढा नको, दवाखाना. छाती आत ओढली जाते, मूल पाणी किंवा दूध घेत नाही, घेतलेले सारे ओकते, झटके येतात, हाक मारली तरी सुस्त पडून राहते, डोळे खोल जातात, लघवी थांबते, शौचात रक्त दिसते, यांतले एकही लक्षण दिसले तर रात्र असली तरी निघायचे. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाला नुसता ताप आला तरी निघायचे. सासूबाईंना विचारायला थांबायचे नाही. आणि सासूबाईंनीही आपल्याला विचारले नाही म्हणून रुसायचे नाही.

घरगुती औषधाने मूल क्वचितच दगावते. ते दगावते त्या औषधापायी गेलेल्या वेळाने. म्हणून बटवा खुशाल खुंटीला असू द्या, पण त्याच्या वरच भिंतीला घड्याळ लावा.

मंडळाला माझी एक विनंती आहे. आपल्या कपाटात भिशीच्या वह्यांशेजारी ओआरएसच्या पन्नास पुड्या ठेवाव्यात, मागेल त्या शेजारणीला द्याव्यात, आणि मी सांगितलेले आकडे दारामागे चिकटवावेत. पहिल्या पन्नास पुड्यांचे पैसे मी आज चिटणीसबाईंकडे देत आहे, माझ्या धाकट्या भावाच्या नावाने.