हाक आणि हाका : वऱ्हाडातील पारधीचे शब्द



आजच्या भाषणाचा विषय ऐकून काहींना थोडे नवल वाटेल. शिकारीचे दिवस संपले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातील पारध बंद केली, आणि ते योग्यच झाले. मग हिंस्र श्वापदांना आवाज देऊन जवळ आणणारे, त्यांचा माग काढणारे, त्यांच्यासाठी दबा धरून बसणारे जे लोक होते, त्यांच्या शब्दांचा विचार आज कशासाठी करावयाचा? याचे उत्तर असे की, शिकार गेली तरी शिकाऱ्याने रानाला दिलेली नावे मागे उरली आहेत. ही नावे प्रांतोप्रांती निराळी आहेत. एका भागातले नाव दुसऱ्या भागाने वेगळ्या अर्थाने घेतले म्हणजे त्यातून नुसता विनोद होत नाही. प्रसंगी माणसाचे आणि जनावराचेही नुकसान होते.

वऱ्हाड म्हटले की कापसाची काळी जमीन आपल्या डोळ्यांपुढे येते. परंतु अमरावती आणि अकोला या जिल्ह्यांचे एक अंग डोंगराचे आहे. मधून पूर्णा नदी वाहते. तिच्या खोऱ्याला जुने लोक पयानघाट म्हणत. दक्षिणेला बाळाघाटाची उंचवट आणि उत्तरेला गाविलगडाचे डोंगर व त्यामागचा मेळघाट. परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट चढावा, किंवा अकोटाहून धारणीच्या वाटेला लागावे, की थोड्याच अंतरात माणसांची भाषा पालटते. खाली वऱ्हाडी, वर कोरकू, डोंगरापलीकडे बैतूल आणि बऱ्हाणपूरकडची हिंदी, तिच्या शेजारी गोंडी, आणि या सर्वांतून हिंडणाऱ्या पारध्यांची आपली निराळीच बोली. बारा कोसांवर भाषा बदलते असे आपण म्हणतो. येथे ती एका घाटातच बदलते.

प्रथम वाघाचेच नाव घेऊ. आपला 'वाघ' संस्कृत 'व्याघ्रा'पासून आला. कोरकू मनुष्य त्याच वाघाला 'कुला' म्हणतो. कोरकू ही मुंडा कुळातील भाषा, आणि त्या कुळातली ही पश्चिमेकडची शेवटची वस्ती. येथून शेकडो मैल पूर्वेला झारखंडात मुंडारी बोलणारा मनुष्यही वाघाला 'कुला'च म्हणतो. गोंडीत तो 'पुल्ली' आहे; हा शब्द तमिळ 'पुली' आणि कन्नड 'हुली' यांचा सख्खा भाऊ. डोंगरापलीकडचा हिंदी शिकारी त्याला सर्रास 'शेर' म्हणे, आणि हा शब्द फारसी. एका डोंगरावर, एकाच जनावराच्या पावलांवरून चालताना, इतक्या निरनिराळ्या कुळांतले शब्द भेटावेत, ही गोष्ट लहान नव्हे.

आता याच्या उलट पाहा. सह्याद्रीच्या पायथ्याशी ज्या गावांतून पट्टेरी वाघ कधीच नाहीसा झाला, तेथे लोक बिबळ्यालाच 'वाघ' म्हणतात. खरा वाघ सांगावयाचा झाला तर त्यांना 'ढाण्या' किंवा 'पट्टेरी' असे विशेषण जोडावे लागते. मेळघाटात दोघेही एकाच रानात नांदतात; म्हणून तेथे एकच नाव दोघांना देऊन भागत नाही. वाघ तो वाघ, बिबट तो बिबट. शब्दांची बारकाई ही अशी रानाच्या समृद्धीबरोबर वाढते, आणि रान ओसाड झाले की शब्दही जाडेभरडे होतात. म्हणून एखाद्या गावातील जनावरांची नावे नीट ऐकली, तर त्या गावाच्या शिवारात पूर्वी काय होते आणि आज काय उरले आहे याचा अंदाज बांधता येतो.

इतर श्वापदांचेही तसेच आहे. पुण्या-साताऱ्याकडचा 'तरस' विदर्भात 'तडस' होतो. सह्याद्रीतला 'कोळसुंदा' किंवा 'कोळसून' येथे 'रानकुत्रा' होतो आणि डोंगरापलीकडे 'सोनकुत्ता'. हा प्राणी गावकुत्र्याप्रमाणे भुंकत नाही. कळप पांगला म्हणजे शीळ घालून सोबत्यांना एकत्र करतो. नीलगाईला वऱ्हाडात 'रोही' म्हणतात. परका मनुष्य हा शब्द ऐकून हरणाची एखादी लहानशी जात समजतो, आणि प्रत्यक्ष पिकात शिरलेले घोड्याएवढे जनावर पाहून थक्क होतो. काही नावे तर मुद्दाम घेतली जात नाहीत. वाघाच्या मुलुखात रात्रीच्या वेळी त्याचे नाव न उच्चारता 'जनावर' म्हणावयाचे, किंवा विठोबा-खंडोबाप्रमाणे मान देऊन 'वाघोबा' म्हणावयाचे. कोकणात आणि देशावर पुष्कळ ठिकाणी हेच 'जनावर' म्हणजे साप. 'वाटेवर जनावर आहे' हे एकच वाक्य ऐकून कोकणातला मनुष्य पायाखाली पाहील आणि मेळघाटातला झाडीकडे. दोघांनाही भीती तीच, पण नजर कोठे वळवावी हे शब्दाने ठरविले.

या सर्वांत मोठा घोटाळा 'भालू' या शब्दाचा आहे. किपलिंगच्या गोष्टींमुळे 'बालू' म्हणजे अस्वल हे आज लहान मुलांनाही ठाऊक आहे, आणि हिंदीत ते बरोबरच आहे. परंतु जुन्या मराठीत भालू म्हणजे अस्वल नव्हे. भालू म्हणजे म्हातारी कोल्ही. कळपाबरोबर कोल्हेकुई करणारी ही नव्हे. एकटी, वेळीअवेळी विचित्र सुरात ओरडणारी. तिचे ओरडणे अशुभ मानीत, कारण वाघ जवळपास असल्याचे ती त्या आवाजाने सांगते असा समज होता. किपलिंगनेच १८९५ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या दुसऱ्या 'जंगल बुका'त हा आवाज 'फियाल' या नावाने वर्णिला आहे. आता कल्पना करा की, डोंगराच्या अलीकडचा एक म्हातारा पलीकडून आलेल्या पाहुण्याला सांगतो, 'रात्री भालू ओरडत होती.' पाहुणा अस्वलापासून जपावयाचे म्हणून मोहाच्या झाडांखालून जावयाचे टाळील आणि नाल्याची वाट धरील. म्हाताऱ्याच्या मनात मात्र नाल्यातला वाघ होता. शब्द दोघांनाही येत होता. म्हणूनच घोटाळा झाला. अनोळखी शब्द असता तर पाहुण्याने निदान विचारले तरी असते.

दुसरा तसाच शब्द 'चित्ता'. खरा चित्ता सडपातळ, उघड्या माळावर धावणारा, अंगावर भरीव गोल ठिपके आणि डोळ्यापासून तोंडापर्यंत काळी रेघ असलेला. १९४७ साली कोरिया संस्थानात मारलेले तीन चित्ते हे आपल्या देशातले अखेरचे मानले जातात. १९५२ साली तो नामशेष झाल्याचे जाहीर झाले. प्राणी गेला, पण नाव राहिले, आणि निराधार झालेले नाव लोकांनी बिबट्याला दिले. पुढे २०२२ च्या सप्टेंबरात नामिबियाहून आठ चित्ते आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या रानात सोडण्यात आले, तेव्हा नावाचा मूळ धनी परत आला. तरी बिबट्याला चित्ता म्हणण्याची सवय अजून सुटलेली नाही. गाय मारली गेली म्हणजे भरपाईसाठी वनखात्याचा पंचनामा होतो, आणि कोणत्या जनावराने मारली हे त्यात लिहावे लागते. अशा वेळी सांगणाऱ्याने एक नाव सांगावे आणि लिहिणाऱ्याने दुसरे समजावे, यात गरीब गुराख्याचे किती अडते हे निराळे सांगावयास नको.

आता हे शब्द ज्यांनी सर्वांत अधिक सांभाळले त्या पारध्यांकडे वळू. 'पारध' हा शब्द मुळात संस्कृत 'पापर्द्धि' यापासून आला. पापाची ऋद्धि ती पापर्द्धि; म्हणजे व्यवसायाच्या नावातच समाजाने त्याचा न्याय करून टाकलेला दिसतो. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्यप्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात पारध्यांचे भेद त्यांच्या हत्यारांवरून आणि युक्तींवरून दिलेले आहेत. फास लावणारे ते फासेपारधी. शिकविलेल्या गाईबैलाच्या आडोशाने सावजाजवळ सरकणारे ते गायपारधी. चित्ता पाळून हरणांवर सोडणारे ते चित्तेवाले. प्रत्येकाची युक्ती निराळी, म्हणून प्रत्येकाचा शब्दही निराळा.

फासेपारध्यांची खरी विद्या आवाजाची. पाळलेला तित्तर पिंजऱ्यात घालून माळावर ठेवावयाचा आणि सभोवार फासे मांडावयाचे. पिंजऱ्यातला नर साद घालतो. आपल्या हद्दीत कोण परका आला म्हणून रानातला नर तावातावाने धावून येतो आणि फासात पाय अडकवून घेतो. बिबट्यासाठी बोकड एकटा बांधीत, तोही याच तत्त्वावर. कळपातून तुटलेल्या बोकडाचे ओरडणे हीच बिबट्याला हाक. कोठे जनावराच्या भुकेला हाक मारावयाची, कोठे त्याच्या रागाला, तर कोठे त्याच्या एकटेपणाला, हे ज्याला समजले तोच खरा शिकारी. जिम कॉर्बेट यांनी १९३८ साली कुमाऊँतील ठाक गावची नरभक्षक वाघीण तिच्या सादेला स्वतःच्या तोंडाने वाघाची साद देऊनच जवळ आणली होती. अमेरिकेतही सशाच्या किंकाळीसारखा आवाज काढणारी शिट्टी तोंडात धरून कोल्ह्याच्या जातीचा 'कायोट' बोलावतात. आणि तेथेही एकाच मोठ्या मांजराला कोठे कुगर, कोठे प्यूमा, कोठे पँथर, तर कोठे डोंगरी सिंह म्हणतात. माणसाची ही रीत सर्वत्र सारखीच आहे.

आपल्या मराठीने मात्र एक सुंदर भेद केलेला आहे. 'हाक' आणि 'हाका' हे शब्द एकाच घराण्यातले. हाक मारली म्हणजे कोणी जवळ येतो. हाका घातला म्हणजे जनावर दडणीतून उठून पुढे पळते. एकाला आवाज ओढतो, दुसऱ्याला ढकलतो. राजेरजवाड्यांची आणि साहेबांची शिकार हाक्याची. तीत शेकडो माणसे ढोल-डबे वाजवून रान उठवीत. पारध्याची शिकार हाकेची; तीत एक मनुष्य, एक आवाज आणि पुष्कळसा धीर. पहिलीने आपल्या भाषेला 'रान उठविणे' हा वाक्प्रचार दिला. दुसरीने 'माग काढणे', 'दबा धरणे' आणि 'सावज हेरणे' हे दिले.

'सावज' या शब्दापाशी क्षणभर थांबले पाहिजे. त्याचे मूळ 'श्वापद', म्हणजे हिंस्र पशू. गुजरातीत सावज म्हणजे आजही सिंह. मराठीत तोच शब्द मारल्या जाणाऱ्या प्राण्याला लागला. पारध्यांची बोली ग्रिअर्सन यांच्या भाषा-पाहणीत भिल्ली गटात, गुजरातीच्या शेजारी बसविलेली आहे. मारणारा आणि मरणारा या दोन्ही अर्थांनी एकच शब्द दोन शेजारी भाषांत नांदावा, यात पारध्यांच्याच इतिहासाची सावली दिसते. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पुढे ज्या जमाती नोंदल्या गेल्या, त्यांत पारधीही होते. काल जो दबा धरून बसत होता तो आता स्वतःच सरकारच्या नजरेतले सावज झाला. त्यांची बोली म्हणजे चोरांची सांकेतिक भाषा असा समज पसरला. १९५२ साली तो कायदा गेला. समज मात्र कायद्याइतक्या लवकर जात नाही. आपल्या घरातले शब्द चारचौघांत उच्चारावयाची ज्याला लाज वाटू लागते, तो ते मुलांना शिकवीत नाही. शब्द मरतात ते असे.

आणि नेमक्या याच काळात त्या शब्दांची गरज वाढली आहे. १९७३ साली व्याघ्रप्रकल्प सुरू झाला, तेव्हा पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाटाची निवड झाली. वाघ राखावयाचा तर माग ओळखणारा हवा, वानराचे खाकरणे आणि सांबराचा इशारा यांतला भेद कळणारा हवा. 'संवेदना' या संस्थेने अकोला-वाशीमच्या गवताळ रानांत फासेपारध्यांनाच बरोबर घेऊन तणमोराच्या रक्षणाचे काम केले आहे. ज्या कानाने एकेकाळी फास मांडला, तोच कान आता पहारा करतो. मारुती चितमपल्ली (१९३२–२०२५) यांनी वनखात्याच्या नोकरीत विदर्भाची राने पायांखाली घातली, ती आदिवासींच्या आणि पारध्यांच्या तोंडचे शब्द वेचीत. त्यांचा 'पक्षिकोश' हे त्या वेचणीचेच फळ होय. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाने त्यांना अध्यक्षपद दिले, तेव्हा रानातल्या शब्दाला मराठीने आपल्या घरात पाट मांडला असे म्हणावयास हरकत नाही.

परंतु एका माणसाच्या झोळीत सर्व रान मावत नाही. मेळघाटातील शाळांचे शिक्षक, वनरक्षक आणि पयानघाटातील सुशिक्षित तरुण यांना माझी एक विनंती आहे. गावातल्या वृद्ध पारध्याजवळ, कोरकूजवळ, गुराख्याजवळ बसा. त्याने एखादे नाव सांगितले तर ते चुकीचे म्हणून सुधारू नका. शब्द लिहा, गाव लिहा, आणि तो कोणत्या जनावराला, कोणत्या वेळी आणि कोणत्या आवाजाला लावतात तेही लिहा. एवढ्या तीन गोष्टी बरोबर असल्या म्हणजे भालू कोल्ही राहील, चित्ता चित्ता राहील, आणि पंचनाम्यात गुराख्याचे म्हणणे त्याच्या अर्थाने उतरेल.

बंदूक आपण खाली ठेवली, हे चांगले केले. तिच्याबरोबर हाकही खाली ठेवण्याचे कारण नाही. ती ज्यांना येते ते अजून आपल्यात आहेत. त्यांना विचारण्याची वेळ मात्र थोडी उरली आहे.