वसईचा दुभाष्या

पुढे सतरंजीवर बसलेल्या पोरांनो,

पत्रिकेत माझ्या नावापुढे 'करिअर मार्गदर्शन' छापलंय. पण सकाळी एसटीतून गणपतीची टेकडी दिसली आणि लिहून आणलेला कागद खिशातच राहिला. याच पटांगणातल्या संमेलनात मला इंग्रजी नाटकात एक वाक्य होतं. तेही विसरलो. पडद्यामागून सरांनी सांगितलं, ते आख्ख्या केळझरला ऐकू गेलं, मला सोडून.

तोच मी आज जपानी साहेबांचं बोलणं मराठी कामगारांना सांगून पोट भरतो. धंद्याचं एवढंच पुरे. या धंद्यातल्या आमच्या थोरल्या माणसाचं सांगतो: गोन्सालो गार्सिया, वसईचा. बाप पोर्तुगीज, आई इथली. तुमच्याएवढा असताना जेझुइट पाद्र्यांबरोबर जपानला गेला, तिथल्या लोकांत राहून त्यांची भाषा शिकला. जेझुइटांनी मात्र त्याला संघात घेतलं नाही. तो काही रुसून बसला नाही. व्यापार केला, मग मनिलात फ्रान्सिस्कनांचा साधा ब्रदर झाला. १५९३ साली ते पाद्री जपानला निघाले, तेव्हा तिथल्या राज्यकर्त्या हिदेयोशीसमोर त्यांचं म्हणणं मांडायला हाच लागला.

पुढे राज्यकर्त्याची मर्जी फिरली. क्योतोत कान कापले, भर थंडीत नागासाकीपर्यंत नेलं आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याच्यासह २६ जणांना क्रुसावर मारलं. १८६२ मध्ये पोपनं त्यांना संत ठरवलं. भारतात जन्मलेला पहिला कॅथलिक संत तो हाच. वसईजवळ गासला त्याच्या नावाचं चर्च आहे. नागासाकीच्या टेकडीवर मी त्या २६ जणांच्या मूर्ती पाहिल्या. एका ओळीत, पाय अधांतरी. त्यांत तीन जेझुइटही आहेत.

त्याच्यासारखं मरा, असं कोण सांगेल? पण त्यानं आपली श्रद्धा दुसऱ्याच्या बोलीत मांडली, हे घ्या. दुसऱ्याची भाषा शिका. मार्कांसाठी नको, परदेशासाठी तर नकोच. समोरच्याला आपल्या भाषेत ओरडून सांगणं सोपं असतं, म्हणून म्हणतो, शिका.

ए मफलरवाल्या, हसतोस काय? परप्रांतातून कामाला आलेल्या माणसांचं एखादं पोरगं तुझ्या वर्गात असेलच. उद्या त्याच्याजवळ बस आणि त्याच्या घरी पाण्याला काय म्हणतात, ते विचार.