डोक्याचा मुका मार

मराठींत 'मुका मार' हा मोठा अर्थपूर्ण शब्दप्रयोग आहे. कातडी फाटत नाहीं, रक्त वाहत नाहीं. दुखापत आंत झालेली असते. हातापायांचा मुका मार हळदीच्या लेपानें उतरतो. डोक्याचा मात्र तसा उतरेलच असा भरंवसा नसतो, आणि त्याच्या मुकेपणानेंच पुष्कळदां घात होतो.

परभणी जिल्ह्यांत अशा माराचे प्रसंग रोजच्या व्यवहारांत दडलेले आहेत. उन्हाळ्याच्या रात्रीं माळवदावर निजलेलें मूल झोंपेंत कडेवरून खालीं येतें. मानवत किंवा सेलूच्या बाजाराकडे निघालेली कापसाची ट्रॉली अंधारांत मागच्या दिव्यावांचून रस्त्यांत उभी राहते, आणि मागून येणारा मोटारसायकलस्वार तिच्यावर आदळतो. तो उठतो, कपडे झटकतो, 'कांहीं झालें नाहीं' म्हणतो आणि घरीं जाऊन निजतो.

या बोलण्यावर विसंबूं नये, याचें कारण कवटीच्या आंत आहे. प्रौढ मनुष्याचा मेंदू सुमारें १४०० ग्रॅम वजनाचा व अतिशय मऊ असून तो पातळ द्रवांत तरंगत असतो. धांवती बैलगाडी अचानक थांबली म्हणजे आंतील माणसें पुढें झुकतात; त्याप्रमाणें कवटी थांबली तरी मेंदू पुढें जाऊन तिच्या भिंतीवर आपटतो, कधीं उलट फिरून मागच्या भिंतीवरहि. म्हणून मार एकीकडे बसून इजा दुसरीकडे होऊं शकते. याहून वाईट तो पीळ. ऑक्सफर्ड येथील पदार्थवैज्ञानिक होलबोर्न यांनीं १९४३ सालीं जिलेटिनच्या मेंदूवर प्रयोग करून दाखविलें कीं, डोकें सरळ ढकललें जाण्यापेक्षां एकाएकीं गर्रकन वळलें तर मेंदूची घडण अधिक ताणली जाते. त्या ताणानें आंतील बारीक ज्ञानतंतु तुटतात. कवटीला तडा न जातांहि मनुष्य बेशुद्ध पडतो, तो यामुळें.

खरा दगा मात्र रक्तस्रावाचा. कानशिलाचें हाड पातळ असतें व त्याच्या आंतल्या अंगानें एक धमनी गेलेली असते. हाड तडकून ती फाटली कीं कवटी व मेंदूचें आवरण यांमध्यें रक्त सांचूं लागतें. क्षणभर शुद्ध हरपलेला मनुष्य सावध होतो, चहा घेतो, हकीकत सांगतो. घरच्यांचा जीव भांड्यांत पडतो. परंतु कवटी ही न फुगणारी पेटी आहे. सांचणाऱ्या रक्ताला जागा मिळते ती मेंदूला दाबूनच. कांहीं तासांत ग्लानि येते, आणि 'दमला आहे, निजूं द्या' म्हणून दिवा मालवला जातो. वेळेवर शस्त्रक्रिया झाली असती तर हाच मनुष्य पूर्ण बरा होण्याचा संभव पुष्कळ असतो. वृद्धांमध्यें शिरांतून होणारा रक्तस्राव फार हळू चालतो. किरकोळ पडण्यानंतर दोन-तीन आठवड्यांनीं आजोबांचें बोलणें असंबद्ध होतें, आणि त्याला म्हातारपण समजलें जातें.

मार मुका असला तरी त्याच्या खुणा बोलक्या असतात. वाढती डोकेदुखी, वारंवार वांति, बोलण्यांत घोटाळा, एका बाजूच्या हातापायांत अशक्तपणा, झटके, नाकाकानांतून रक्त किंवा पाण्यासारखा द्रव, एक बाहुली दुसरीहून मोठी होणें, हांकेला जाग न येणें: यांपैकीं एकहि खूण दिसली तर पहांटेची वाट पाहूं नये. क्षणभर शुद्ध हरपली असली तरी डॉक्टरांस दाखवावेंच. जिंतूर किंवा गंगाखेडहून परभणीस यावयाचें तर सुमारें ४० किलोमीटर अंतर तोडावें लागतें. त्यांत वाट पाहण्याची भर नको. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका महाराष्ट्रांत २०१४ पासून मिळते, आणि अपघातग्रस्तास मदत करणाऱ्यास २०१९ च्या कायदेदुरुस्तीनें संरक्षण दिलें आहे. नेतांना मान हलूं देऊं नये. खाण्यापिण्यास कांहीं देऊं नये.

उपायापेक्षां प्रतिबंध सोपा. टी. ई. लॉरेन्स १९३५ सालीं मोटारसायकलच्या अपघातानंतर सहा दिवसांनीं वारले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांपैकीं शल्यविशारद ह्यू केर्न्स यांनीं पुढें अशा इजांचा अभ्यास करून १९४१ सालीं शिरस्त्राणाचें महत्त्व मांडलें. अनेक अभ्यासांच्या २००८ मधील एकत्रित पाहणींत शिरस्त्राणानें डोक्याच्या इजेचा धोका सुमारें ६९ टक्क्यांनीं व मृत्यूचा ४२ टक्क्यांनीं घटतो असें आढळलें. त्यांतील अस्तर स्वतः चेपलें जातें व मेंदूचा धक्का सौम्य करतें. माळवदाला कठडा असणें हें लहान मुलांसाठीं तितकेंच मोलाचें.

आणि डॉक्टरांनीं तपासून घरीं पाठविलें तरी त्या रात्रीं घरांतील एकानें जागें राहावें, मधून मधून हांक मारावी, नांव-गांव विचारावें. धड उत्तर न आल्यास तत्काळ निघावें.