वन्य पशूंचे रोगनिदान आणि कामगार



कामगार चळवळीतल्या माणसांनी वाघ-माकडांच्या रोगांवर बोलावे, याचे हर्सूलकरांस नवल वाटेल. परंतु रानात मरून पडलेले जनावर प्रथम दिसते ते वनमजुरास, आणि त्याचा रोग अंगावर येण्याचे भयही प्रथम त्यालाच. म्हणून हा विषय आम्ही आमचा मानतो.

१९५७ साली, त्या वेळच्या म्हैसूर राज्यातील शिमोगा जिल्ह्यात, क्यासनूरच्या जंगलात माकडे मरू लागली. रानात जाणारी माणसेही तापाने अंथरुणास खिळली. प्रथम शंका आली ती पीतज्वराची. खरे उत्तर दिले ते पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने. हे केंद्र १९५२ साली आपली वैद्यक संशोधन परिषद आणि अमेरिकेचे रॉकफेलर फाउंडेशन यांनी मिळून काढले होते. आजची राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था ती हीच. रोग अगदी नवा निघाला आणि तो पसरविणारी निघाली गोचीड. पुढे २०१६ साली हाच माकडताप आपल्या सिंधुदुर्गात, दोडामार्ग तालुक्यात आला, तेव्हा निदान शत्रूचे नाव तरी ठाऊक होते.

आता अलीकडचे पाहा. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावी शेकडो कोंबड्या मेल्या. नमुने भोपाळच्या उच्च सुरक्षा पशुरोग संस्थेत गेले. बर्ड फ्लू ठरला. डिसेंबर २०२४ मध्ये नागपूरच्या गोरेवाडा केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या दगावला. तोच रोग असल्याचा निर्वाळा भोपाळहून आला तो जानेवारी २०२५ उजाडल्यावर. गोरेवाड्यास वन्यजीव संशोधन केंद्र आहे, पशुविज्ञान विद्यापीठाची साथ आहे. तरीही असा जहाल विषाणू हाताळण्याची सोय गावोगाव करता येत नाही. म्हणजे प्रयोगशाळांनी एकमेकींशी हात मिळविल्यावाचून गत्यंतर नाही. पण निर्वाळा येईपर्यंत पिंजरा झाडणारा माणूस कामावर असतोच, हे विसरू नये.

शिवाय, करार साहेब लोक करतात. नमुना मात्र कामगाराच्या हातून जातो. अवयवाचा तुकडा फॉर्मॅलिनमध्ये बुडविला, तर सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यास तो उत्तम. परंतु त्यातला विषाणू मरतो. विषाणू वाढवून पाहायचा, तर दुसरा तुकडा बर्फावर धाडावा लागतो. बर्फ वाटेत वितळला, की निदानाची आशा संपत आली. संसर्गजन्य काळपुळीचा संशय असेल, तर जनावर फाडायचेच नाही. हवा लागताच जंतूंची टणक बीजे बनतात आणि वर्षानुवर्षे मातीत राहतात. हे ज्याच्या हाती सुरी आहे त्यास कोणी शिकविले नसेल, तर भोपाळचे यंत्र काय करील?

म्हणून आमचे मागणे तीन गोष्टींचे आहे. वनमजूर, प्राणिसंग्रहालयाचे रक्षक आणि प्रयोगशाळेचे नोकर यांना हातमोजे, मुखपट्टी व नमुना घेण्याचे शिक्षण मिळावे, मग ते कायम असोत वा रोजंदारीवर. संशय येताच, अहवालाची वाट न पाहता, धोक्याच्या कामाचे नियम लागू व्हावेत. आणि अहवाल आला, की तो वरिष्ठांच्या कपाटात न राहता, ज्याने नमुना भरला त्याला मराठीत समजावून सांगावा. पुढचे मेलेले जनावर दिसताच तो बोलेल की गप्प राहील, हे त्यावरच ठरणार आहे.